तुम्ही विचारलंत म्हणून: आम्हाला समुद्र कळतो म्हणजे नेमकं काय

कोळीवाड्यातला सी-फूड महोत्सव असो, कॉलेजच्या मुलांचा प्रकल्प असो की कुणी घ्यायला आलेली मुलाखत, प्रश्न ठरलेला असतो. "आम्ही शहरातली माणसं निसर्गापासून तुटलोय. तुम्ही कोळी अजून जोडलेले आहात. ते पारंपरिक शहाणपण आम्हाला थोडं सांगाल का?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते, हे मी जाणते. तरी दर वेळी उत्तर देताना जीव वैतागतो. आमच्याकडे काहीतरी गुपित आहे आणि ते चहा संपेपर्यंत सांगून होईल, असं त्या प्रश्नात धरलेलं असतं. म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

आधी हिशेब, कारण सगळ्यांना तोच हवा असतो. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, त्या सुमाराला मुंबईत पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे पहाटे तीन आणि दुपारी तीन. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पक्ष शुद्ध असो की वद्य, रीत एकच. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. भरती रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते आणि पाऊणकी ४५ धरते, त्यामुळे पंधरवड्याच्या शेवटाकडे हिशेब मागे पडतो. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात, पण पाणी खरं भरतं ते बाराच्या आसपास. तेवढा अर्धा-पाऊण तास वाढवून धरायचा.

झालं, हे तुम्हालाही आलं. आणि खरं सांगायचं तर आमची पोरं हल्ली हेही करत नाहीत, मोबाइलवर भरतीचा तक्ता बघतात. त्यात मिनिटासकट वेळ असते. बोटीवर जीपीएस असतो, मासे दाखवणारं यंत्र असतं. त्यामुळे कुणी कोळी कमी होत नाही. फक्त मुंबईचा तक्ता अपोलो बंदराचा असतो. ठाण्याच्या खाडीत आतवर तेच पाणी उशिरा पोचतं, आणि किती उशिरा ते त्या खाडीत जाणाऱ्यालाच ठाऊक असतं.

वेळ कळली की खरा प्रश्न पुढे येतो: या पाण्याचं करायचं काय? आमची डोल ओढत फिरवायचं जाळं नव्हे. तोंड मोठं, मागे निमुळतं होत गेलेलं, शेवटी बारीक आसाचा, म्हणजे बारीक भोकांचा, खोला, असं ते पिशवीसारखं जाळं एका जागी रोवून किंवा नांगरून ठेवतात, तोंड येणाऱ्या पाण्याकडे. मासळी आणतं ते पाणीच. म्हणून पाण्याला ओढ नसेल तर डोल रिकामी. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढच्या एक-दोन दिवसांत उधाण सगळ्यात मोठं, मुंबईत चढ-उतार पाच मीटरपर्यंत जातो, तेव्हा बोंबील, जवळा, कोलंबी यांनी खोला भरतो. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटी. पाणी मरगळतं, तेव्हा जाळी शिवायची. आणि पाणी फिरायच्या आत डोल ओढावी लागते. उशीर झाला की तोंड उलटं होतं, दोर एकमेकांत गुंततात, आणि आत आलेली मासळी आली तशी बाहेर जाते.

बायकांचं पाणी वेगळं. उधाणाच्या दिवसांत मुंबईत भरती बाराच्या सुमारास म्हटल्यावर सगळ्यात खोल ओहोटी सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला येते. एरवी पाण्याखाली असणारे खडक तेव्हा उघडे पडतात. कालवं काढायला, शिवल्या वेचायला, चिंबोरी धरायला जायचं ते तेव्हाच, आणि पाणी फिरायच्या आधी अर्धा तास निघायचं, कारण सपाट खडकावर पाणी आधी मागच्या बाजूने, घळीतून भरतं. समोर बघत बसणाऱ्याला ते कळत नाही. हे वाक्य मी दहा जणांना सांगितलं तरी त्यांतल्या एकालाही ते येणार नाही. ती घळ कुठे आहे हे त्या खडकावर जाऊन पायाला कळावं लागतं, आणि खडकावर भराव पडला की ते कळणं तिथेच संपतं. सागरी किनारा रस्त्यासाठी समुद्रात १११ हेक्टर भराव झाला. त्या भरावाखाली दगड गेले, हे सगळ्यांना दिसलं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून बोलले तर माझ्या बाकीच्या बोलण्यालाही अर्थ राहणार नाही. पूर्वी मी ठणकावून सांगायचे, की कोळी समुद्राला ओरबाडत नाही, पोटापुरतं घेतो. आज ते वाक्य मला तसंच्या तसं म्हणवत नाही, आणि सोडवतही नाही. डोल जुनी आहे, पारंपरिक आहे, पण तिच्या खोल्याचा आस इतका बारीक की पापलेटची, घोळीची पिल्लंही त्यात येतात. ज्या सरंग्याला, म्हणजे पापलेटला, २०२३ साली राज्यमासा ठरवलं, त्याची हाताच्या बोटाएवढी पिल्लं बाजारात दिसतात, आणि ती सगळी परप्रांतीय ट्रॉलरची नसतात. एलईडी दिवे लावून मासेमारी करायला केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, तरी दिवे लागतात, आणि त्या बोटींवर आमचं कुणीच नसतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पावसाळ्यातली बंदी १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवसांची. आमची रीत नारळी पौर्णिमेला होड्या लोटायची. २०२३ ला श्रावण अधिक आला आणि नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला गेली. रीत पाळायची तर महिनाभर जास्त घरी बसायचं, शेजारची यांत्रिक बोट मात्र १ ऑगस्टला निघालेली. कर्जाचा हप्ता तिथी बघत नाही. शहाणपण होतंच, पण ते सगळ्यांनी एकदम पाळलं तरच टिकतं. एकट्याने पाळलं तर उपास घडतो.

हे मान्य करूनही मी हट्टाने परत येते ती क्लीव्हलँड बंदरावर, कारण या प्रश्नाचं जे काही उत्तर माझ्याकडे आहे ते तिथेच आहे.

वरळी कोळीवाड्याच्या होड्या या बंदरातून बाहेर पडतात. किनारा रस्ता वांद्रे-वरळी सागरी सेतूला जोडणारा पूल नेमका या वाटेवरून आखला गेला. दोन खांबांमध्ये अंतर ठेवलं ६० मीटर. आमच्या माणसांनी सांगितलं, पुरणार नाही, १६० मीटर हवं. तज्ज्ञांचा अहवाल म्हणाला, ६० पुरे. कागदावर ते पटतंही. होडीची रुंदी तीन-चार मीटर, वाट ६० मीटरची, तक्रार कसली?

तक्रार अशी. होडी मोटारीसारखी आखलेल्या पट्ट्यातून जात नाही. ओहोटीचं पाणी आडवं येत असेल तर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, एकीकडे रोखलेली आणि होडी सरकते दुसरीकडे. दहा-बारा मीटर लांबीची होडी तिरकी होऊन आत येते तेव्हा ती किती जागा खाते, ते तिच्या रुंदीवरून कळत नाही. मागून लाट आली की मागची बाजू उचलली जाते, सुकाणूला पाणी लागत नाही, आणि तेवढा वेळ तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्या प्रमुखाच्या, हातात काही नसतं. त्यात समोरून दुसरी होडी आली की तिच्यासाठीही वाट ठेवायची. उधाणाच्या ओहोटीत पाण्याला तीन नॉट वेग धरा, म्हणजे सेकंदाला दीड मीटर. वाटेच्या मधोमध इंजिन बंद पडलं आणि पाणी आडवं असलं, तर खांब ३० मीटरवर, म्हणजे वीस सेकंदांवर. डिझेलमध्ये पाणी आलेलं असेल किंवा पंख्याला प्लास्टिक गुंडाळलं असेल, तर वीस सेकंदांत काहीही होत नाही, नांगर टाकून तो धरेपर्यंतही होत नाही. आणि पंख्यात प्लास्टिक अडकणं ही मुंबईच्या पाण्यात नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

शिवाय खांब नुसती जागा अडवत नाही. त्याला आपटलेलं पाणी दोन्ही अंगांनी वेगाने वळतं, मागे भोवरे धरतं, तळाची माती उकरतं आणि ती पुढे नेऊन कुठेतरी टाकतं. म्हणजे आज नकाशावर जिथे खोली दिसते तिथे पाच पावसाळ्यांनी ती असेलच असं नाही. पूर्ण ओहोटीत ६० मीटर पूर्ण ६० राहत नाहीत. जिथे खोली आहे तेवढीच वाट.

हे सगळं तिथल्या कुठल्याही तांडेलाला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. पण त्याला विचारलं गेलं ते आखणी झाल्यावर, आणि तेव्हा प्रश्न होता, "तुमच्या १६० मीटरला आधार काय? कागद दाखवा." त्याच्याकडे कागद कुठला? त्याला रात्रीच्या अंधारात, सेतूच्या दिव्यांची तिरीप डोळ्यांवर असताना, कोणत्या पाण्याला किती अंतर राखून यायचं ते माहीत. ते मीटरमध्ये कुणी कधी मागितलं नव्हतं. तर ज्या ज्ञानाचं मुलाखतीत एवढं कौतुक होतं, तेच ज्ञान कामाच्या टेबलावर मांडलं तेव्हा त्याचं नाव हट्ट झालं. विकासाला विरोध, नुकसानभरपाईसाठी दबाव, असंही बोललं गेलं. हे मला लागलं, आणि अजून लागतं.

२०२१ मध्ये होड्या पाण्यात नेऊन काम थांबवलं गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं, मधला एक खांब वगळून अंतर १२० मीटर करू. २०२४ मध्ये तिथे १३६ आणि १४३ मीटर लांबीच्या दोन तुळया बसल्या. म्हणजे जे होणारच नाही म्हणत होते ते झालं, पूलही उभा राहिला. याला जिंकणं म्हणायचं का? कधी म्हणते हो, कारण ६० चे १२० कोळ्यांनी करून घेतले. कधी वाटतं, १६० मागितले होते ते घासाघीस करायला नव्हे, पाणी बघून मागितले होते, आणि मधल्या ४० मीटरचं काय झालं ते कुठल्याही बैठकीत पाण्याला विचारलं गेलं नाही. गाळ कुठे बसतो, भोवरा कुठवर येतो हे दिसायला वर्षं जातात. माझ्या मनात हा वाद मिटलेला नाही.

म्हणून तुम्ही "आम्ही तुटलोय" म्हणता तेव्हा मला ते खरं वाटत नाही. मुंबईच्या १८६ पर्जन्यमुखांपैकी, म्हणजे पावसाचं पाणी बाहेर सोडणाऱ्या तोंडांपैकी, भरतीच्या पातळीच्या वर आहेत ती फक्त ६. बाकीच्यांतून भरतीच्या वेळी तुमच्या गल्लीतलं पाणी बाहेर पडू शकत नाही, उलट समुद्र आत येऊ बघतो. पावसाळ्यात मोठी भरती दिवसा येते आणि हिवाळ्यात रात्री, हे आम्हाला डोलीमुळे माहीत, तुम्हाला दादरजवळ हिंदमाताला पावसात तुंबणाऱ्या पाण्यामुळे माहीत असायला हरकत नव्हती. पंपिंग स्टेशनं बांधली ती याच भरतीशी झुंजायला. दादरच्या चाळीत राहणाऱ्याचंही दर पंधरवड्याला चंद्राशी काम पडतं. ते जोडायला कुणा कोळणीची गरज नाही.

आमची गरज जिथे आहे ते काम वेगळं आणि कंटाळवाणं आहे. बोंबील वाळवायला वलांडी लागते, म्हणजे बांबूंची उंच मांडणी आणि त्यावर ताणलेले दोर. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरावर टांगायची, खालून-वरून वारा खेळायला हवा, कारण या माशात बहुतेक पाणीच असतं. कडक उन्हात दोन-तीन दिवसांत वाळतो. आभाळ आलं तर चिकट होतो, वास धरतो, भाव पडतो. यासाठी मोकळी, वाऱ्याची, किनाऱ्याजवळची जागा लागते. बाहेरच्याला ती पडीक दिसते, आणि मुंबईत पडीक दिसलेली जागा फार दिवस मोकळी राहत नाही. वलांडी गेली की बोंबील कसा वाळवायचा हे माझ्या सुनेला मी तोंडाने सांगू शकेन, पण तिच्या हाताला ते येणार नाही.

तेव्हा खरंच काही करायचं असेल तर किनारा नियमन क्षेत्राचे (सीआरझेडचे) नकाशे हरकतींसाठी जाहीर होतात तेव्हा ते उघडून बघा. तुमच्या जवळच्या कोळीवाड्याच्या वलांड्या, जाळी शिवायची जागा, होड्यांची ये-जा करायची वाट, कालवांचे खडक त्यावर दाखवलेत का, एवढंच तपासा. शंका असेल तर कोळीवाड्यातल्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात जा, तिथे कुणी ना कुणी भेटतं, दुपारी दोननंतर मात्र नको, बायका बाजारात असतात. नकाशात जागा नसेल तर लेखी हरकत द्या, मुदतीच्या आत, पोच घेऊन. त्यासाठी कोळी असावं लागत नाही.