आमची वाटचाल : सांगली ते देवबाग, कालनिर्णय बघून

कोकणात जाणाऱ्यांच्या मुक्काम-जेवणाची सोय आम्ही सांगलीतनं बघतो, त्याची सुरुवात गाडीपासून झाली. मिस्टरांची एक जुनी क्रूझर होती, लग्नाची वऱ्हाडं, ज्योतिबा, नरसोबाची वाडी, पंढरपूर अशी भाडी मारायचे. मे महिन्यात कोकणचं भाडं आलं की गाडी ठरवतानाच पार्टी म्हणायची, "मुक्कामाचं पण तुम्हीच बघा की, तुम्ही जाता ना सारखं." मग हे मालवणात रात्री नऊला गाडी उभी करून लॉज शोधत फिरणार, मागं पोरं झोपलेली, बायका वैतागलेल्या, आणि मे महिन्यात खोली म्हणजे काय मिळायची ते मिळायची. शेवटी मीच घरातनं फोन लावायला लागले. आधी नुसतं रूम आहे का एवढंच विचारायचं, मग जेवणाचं, मग बाथरूमचं, मग आजोबांना जिना चढवत नाही खालची खोली द्या, असं करत करत गाडी राहिली बाजूला आणि मुक्काम हाच आमचा धंदा झाला. आता सांगलीत विश्रामबागला जिन्याखाली एक गाळा आहे, एक टेबल, दोन मोबाईल, बास.

लोकांना वाटतं कोकणची ट्रिप म्हणजे पॉइंट मोजायचे. शनिवारी पहाटे निघू, गणपतीपुळे करू, पावस करू, रात्री मालवण, रविवारी किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, येताना आंबोली. असला प्लॅन घेऊन कोणी आलं की मी आधी चहा मागवते. अहो, गणपतीपुळ्याहून मालवण पाचेक तास, सांगलीहून गगनबावड्यावरनं करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे, कणकवली करत मालवणला पोचायला सहा तास धरा, घाटात कुणाला तरी उलटी होणारच, थांबावं लागतंच. दोन दिवसात समुद्र गाडीच्या काचेतनं दिसेल. एका ठिकाणी दोन रात्री राहा, गणपतीपुळे वेगळं करा, आंबा घाटानं स्वतंत्र जा. काही पार्ट्या उठून दुसरीकडं जातात, जाऊ देत.

आमचं खरं बस्तान बसलं ते जेवणामुळं. आमच्याकडं सांगली-मिरजेत जैन कुटुंबं भरपूर, त्यांना कोकण म्हटलं की पहिली भीती जेवणाची. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही आणि वयस्कर मंडळींचं जेवण सूर्यास्ताच्या आत. आता गंमत बघा, समुद्रावर लोक जातात कशाला, तर सूर्यास्त बघायला! आणि हॉटेलवाला आठच्या आधी गॅस पेटवत नाही. मालवणजवळ देवबागला एक काकू आहेत, घराच्या मागं कर्ली नदी, पुढं रस्ता ओलांडला की समुद्र, त्यांना मी फोनवर घाबरत घाबरत विचारलं की संध्याकाळी पाचला जेवण मिळेल का. त्या म्हणाल्या, "पाचाक? बरा, करतंय, पण मगे राती भूक लागली तर माका उठवू नकात." पहिल्या वेळी मी स्वतः गेले होते पार्टीबरोबर. काकूंनी कच्च्या केळ्याची भाजी केली खोबरं घालून, कुळथाची पिठी हिंग-मिरचीवर, सोलकढी बिनलसणाची, घावणे आणि नारळाचा रस. पावणेसहाला सगळी ताटं उचलली आणि सगळे रस्ता ओलांडून वाळूत जाऊन बसले, आज्जींना खुर्ची नेली. त्या एका ट्रिपवरनं पुढची किती बुकिंगं आली याचा हिशोबच नाही, सगळं तोंडी, लग्नात भेटले की एकमेकांना नंबर देतात. मासेखाऊ पार्टीला वेगळं घर देतो, वेगळी चूल. एकाच किचनमध्ये दोन्ही जमतं असं सांगणारे भेटतात, मला पटत नाही.

आणि कालनिर्णय. गाळ्यात भिंतीवर देखावा नाही, कॅलेंडर आहे, लोक हसतात. काकूंच्या मिस्टरांनी शिकवलेलं गणित आहे, तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थी असली तर चार पाऊण तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास भरती, आणि ओहोटी साधारण सहा तास आधी, सकाळी नऊला. देवबागच्या संगमाजवळ ते सुनामी आयलंड म्हणतात ना, तो वाळूचा पट्टा ओहोटीलाच नीट लागतो, गुडघाभर पाण्यात उभं राहता येतं, भरतीला गेलात तर बोटवाला लांबनं दाखवतो. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे पोरं उन्हात करपणार. पण अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी कमी ढवळतं, स्कूबावाले खूश. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, तेव्हा लहान पोरं घेऊन पाण्यात उतरूच नका. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासानं पुढं सरकतं. एकदा हे सांगितलं की लोक आपणहून तारीख बदलतात. फक्त संकष्टीला गोंधळ होतो, वाळूच्या पट्ट्याला सकाळची वेळ एकदम बेस्ट, पण गणपतीची सांगली, अर्धी पार्टी उपासाला. चंद्रोदयानंतर जेवणारे एकीकडं आणि सूर्यास्ताआधी जेवणारे दुसरीकडं, काकूंचं स्वयंपाकघर दिवसभर चालू.

कॅलेंडरात नसलेल्या गोष्टी पण असतात. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा, तिची तारीख कौल लावून ठरते, ठरली की मालवण फुल्ल, त्या दोन दिवसात आम्ही कुणाला पाठवत नाही. गणपतीत घरगुती मुक्काम मागू नका, त्यांच्याच घरी मुंबईची माणसं आलेली असतात. २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंद, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी बंद, जून-जुलैत मासेमारी पण बंद. तरी पावसात जाणारे असतात, नुसतं ओसरीवर बसून पाऊस बघायला, द्राक्षवाले जास्त करून, कारण ऑक्टोबर छाटणी झाली की माल उतरेपर्यंत ते बागेतनं हलत नाहीत.

मधली वर्षं वाईट गेली, थोडक्यात सांगते. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या गावभागात आमच्या घरात पुराचं पाणी, त्यातनं सावरतोय तोवर मार्च २०२० ला लॉकडाऊन, क्रूझर विकली. मे २०२१ ला तौक्ते वादळ, काकूंच्या घराचे पत्रे उडाले, माड पडले, आणि जुलैत परत आमच्याकडं पूर. त्या वर्षी दोघींचे फोन म्हणजे नुसतं कुणाचं काय गेलं तेच. लोक बाहेर पडायला लागले तसे आलेले अॅडव्हान्स आम्ही सरळ काकूंकडं वळवले, पत्रे त्यातनं बसले, आणि त्या बदल्यात डिसेंबरच्या दोन खोल्या आजपर्यंत आमच्या नावावर राखून असतात.

३१ डिसेंबरला एका मोठ्या हॉटेलनं आमच्या कन्फर्म खोल्या जास्त पैसेवाल्याला दिल्या होत्या, रात्री पार्टी रस्त्यावर. तेव्हापासून वर्षअखेरीला फक्त ओळखीची घरं, त्यातही पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेत नोंद असलेली बघतो. देवबागचा रस्ता चिंचोळा, एका बाजूला घरं, समोरनं गाडी आली की मागं घ्यावी लागते, म्हणून पन्नास सीटर घेतच नाही, सतरा सीटरच्या वर हात घालत नाही. धंदा त्यामुळं छोटा राहिला असं पुतण्या म्हणतो, असू दे.

आता मुलगी व्हॉट्सअॅप सांभाळते, तिला गुहागर-वेळणेश्वरकडं घरं बघायची आहेत, कराडवरनं कुंभार्ली घाटानं चिपळूण गाठलं की जवळ पडतं म्हणते. तिकडं पाचला जेवण देणारं कुणी भेटतंय का ते आधी बघू, मगच बुकिंग घेऊ.