आमची वाटचाल: गनमेटल ते नोरील

वडिलांची कुपवाड एमआयडीसीत छोटी फाउंड्री होती. बोअरच्या सबमर्सिबल पंपांचे इंपेलर, म्हणजे पाणी वर ढकलणारी पात्यांची चाकं, गनमेटलमध्ये (तांबं, कथील आणि जस्ताचा मिश्रधातू) ओतायचे. हजार अंशांच्या वरचा रस आणि वर जस्ताची पांढरी वाफ. आईनं वडिलांचा शर्ट कधी बाकीच्या कपड्यांत भिजवला नाही. 2006 मध्ये मी कर्ज काढून इंजेक्शन मोल्डिंगचं (वितळलेलं प्लॅस्टिक दाबानं साच्यात भरायचं) जुनं मशीन घेतलं आणि नोरील या प्लॅस्टिककडे वळलो.

नोरील म्हणजे पीपीओ (पॉलीफेनिलीन ऑक्साइड) आणि पॉलीस्टायरीन या दोन प्लॅस्टिकचं मिश्रण. आमच्या ग्रेडमध्ये 20 टक्के काचेचे तंतू. गनमेटलची घनता 8.7 च्या घरात, याची 1.2, म्हणजे त्याच मापाचा इंपेलर सातव्या हिश्शाच्या वजनाचा. शिवाय मोल्डला पॉलिश असल्यानं पाण्याच्या वाटा गुळगुळीत येतात, रेतीच्या साच्यातल्यासारख्या खरखरीत नाहीत. घर्षण कमी, म्हणून वीज कमी. वितळवायचं काम तीनशे अंशांच्या आसपास. मी तर कॅलेंडरवर 'पर्यावरणपूरक' असं छापूनच घेतलं.

मग जतचे एक आबा आले. वाळूनं झिजून इंपेलरच्या पात्या पत्र्यासारख्या झालेल्या. नवा सेट घेतला आणि जुन्याची पिशवी टेबलावर ठेवली. "ह्येचं किती देताय?"

काहीच नाही म्हटलं.

"गनमेटल हुतं तवा भंगारवाला बांधावर यायचा ओ मालक. ह्ये तर चुलीत बी घालता येत न्हाई."

वाळू गनमेटललाही खातेच, पण उरलेला तुकडा पुन्हा मुशीत जातो. नोरील दळलं की काचेचे तंतू तुटतात आणि ताकद जाते. हे मला आधीच कळायला हवं होतं, कारण 2009 साली पैसे वाचवायला रनरचा (मोल्डच्या वाटेत थिजून उरलेल्या प्लॅस्टिकचा) चुरा भरमसाट मिसळला होता आणि आटपाडीकडच्या एका बोअरमधले इंपेलर हबपाशी, म्हणजे दांडा बसतो त्या मधल्या भागापाशी, तडकले होते. चारशे फूट पाईप वर काढायचा खर्च मीच भरला. तेव्हापासून चुरा फार तर पंधरा टक्के, तोही आमच्याच स्वच्छ रनरचा.

आता जुना सेट आणला की नव्यावर सूट देतो. जुने धुऊन, दळून पाईपच्या आट्यांवर बसवायच्या टोप्या करतो. पण टोप्या खपणार किती! शेडमागं पोती साठलीत. भंगारवाला पोत्यात हात घालतो, एक तुकडा दगडावर आपटून बघतो आणि "काच हाय यात" म्हणून टेम्पो वळवतो. कॅलेंडरवरचा तो शब्द यंदा काढलाय. परवा पोती मोजली, त्रेचाळीस भरली.