मुतखडा, बेटकुळी आणि बस

मागे एकदा पाठीत कळ आली म्हणून सोनोग्राफी केली, तर रिपोर्टमध्ये लिहिलेलं, डाव्या किडनीत ४ मिमीचा कॅल्क्युलस. मी उडालेच. बारावीत ज्याने रडवलं तो आता किडनीत पण? डॉक्टर हसले, म्हणाले अहो मुतखडा आहे, भरपूर पाणी प्या.

घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि शब्द खणत बसले (हा आजार मुतखड्याहून जुना आहे). तर लॅटिनमध्ये कॅल्क्युलस म्हणजे बारीकसा खडा, बास. रोमन लोक हिशोबाला खडे मांडायचे, सरकवायचे, त्यावरून कॅल्क्युलेट, कॅल्क्युलेटर आणि शेवटी ते छळवादी गणित. म्हणजे डॉक्टरांचाच शब्द मुळाला धरून आहे, गणितवाले नंतर आले. शिवाय कॅल्क्युलस हे कॅल्क्स या शब्दाचं धाकटं रूप, कॅल्क्स म्हणजे चुना, चुनखडी, आणि १८०८ मध्ये हम्फ्री डेव्हीने चुन्यातून नवा धातू काढला त्याचं कॅल्शियम हे नाव त्यावरूनच पडलं. बहुतेक मुतखडे कशाचे असतात? कॅल्शियमचेच. खडा फिरून घरी आला की!

मग काय, चटकच लागली. मसल म्हणजे छोटा उंदीर! लॅटिन मुस म्हणजे उंदीर, आपला मूषक त्याच घराण्यातला. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी टुण्णकन वर येतं, रोमन लोकांना तिथे उंदीर दिसला आणि आपल्याला बेडूक, म्हणून आपली बेटकुळी. आरशासमोर मी दंड आवळून बघितला, उंदीर नाही, बेडूक नाही, फार तर झुरळ म्हणता येईल.

सॅलरीत मीठ आहे हे बऱ्याच जणांना माहीत असतं, पण सैनिकांना पगार म्हणून मीठच द्यायचे या गोष्टीला काही धड पुरावा नाहीये, त्यामुळे ती सोडून देऊ.

माझा लाडका शब्द मात्र बस. १८२० च्या दशकात फ्रान्समधल्या नांत शहरात कुणीही बसावं अशा घोडागाड्या सुरू झाल्या, त्यांना ऑम्निबस म्हणायला लागले, म्हणजे सर्वांसाठी. ऑम्निस म्हणजे सर्व. आणि बस? नुसता चतुर्थीचा अनेकवचनी प्रत्यय! शाळेत देवाय देवाभ्याम् देवेभ्यः घोकलं ना, त्यातला भ्यः आणि हा बस मुळात एकच. इंग्रजांनी शब्द आखूड करताना सर्व तेवढे खाली उतरवले आणि शेपूट रस्त्यावर धावत ठेवलं. लाखो माणसं रोज एका विभक्तीच्या प्रत्ययात लोंबकळत ऑफिसला जातात आणि कुणाला पत्ता नाही.

काल स्टॉपवर पाऊण तास उभी होते. प्रत्यय काही येईना.