तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळच्या सुट्टीत मी घरीच का असते

"गोव्यात राहता आणि नाताळच्या सुट्टीत घरात बसून सिनेमे बघता?" पुण्याचे नातेवाईक विचारतात, शाळेत नव्याने आलेल्या शिक्षिका विचारतात, बँकेतल्या बाईंनीही परवा विचारलं. आजवर मी "बाहेर जायचा कंटाळा येतो" असं सांगून वेळ मारून नेली. ते खरं नाही. मला घरी राहायचं असतं, आणि त्या सुट्टीची मी दिवाळीपासून वाट बघत असते.

म्हापशातला डिसेंबर तुम्ही बघितलेला आहे. कळंगुट, बागा, हणजुणला जाणारी गर्दी आमच्या गावावरून जाते, शुक्रवारच्या बाजारात इसवणाचा, म्हणजे सुरमईचा, भाव विचारायचं धाडस होत नाही. तरी गर्दीमुळे मी घरी बसते असं समजू नका. त्याच गर्दीतून मी वर्षानुवर्षं पाहुण्यांना फिरवलं आहे. 'दिल चाहता है' 2001 मध्ये आला, तेव्हापासून चापोऱ्याचा किल्ला म्हटलं की सगळ्यांना त्या कठड्यावर बसून फोटो हवा असतो. मी वर चढता चढता सांगायचे, 1739 मध्ये मराठ्यांनी हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला होता. कोणी ऐकायचं, कोणी नाही. मला सांगायला आवडायचं, हेही खरं.

सिनेमाचं म्हणाल, तर 2004 पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीला होतो आणि नोव्हेंबरात शाळा सुटली की कदंबाची बस पकडून मी रांगेत उभी राहिलेली आहे. थिएटरात बघण्याची मजा मला कोणी शिकवायला नको. पण सासूबाईंबरोबर बघण्याची गोष्ट निराळी. आमचा टीव्ही खिडकीसमोर आहे, दुपारी ऊन थेट पडद्यावर येतं. म्हणून खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर सोलापुरी चादर टाकून चिमटे लावायचे. सासूबाईंना जुने कृष्णधवल मराठी सिनेमे लागतात, आणि ते त्यांनी पूर्वी पाहिलेले असतात. "आता हा खोटं बोलणार बघ," असं त्या आधीच सांगतात. मग चहासाठी थांबवायचं, शेजारून दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट आलं की पुन्हा थांबवायचं. सासूबाई ताट आणणाऱ्या मुलीला बसवून घेतात, तिला तोवरची सगळी गोष्ट सांगतात. दोन तासांचा सिनेमा दिवेलागणीपर्यंत पुरतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकून उंडे घ्यायचे, दुपारी पेज, सुक्या सुंगटांची किसमूर आणि लोणचं. एवढंच. यात न समजण्यासारखं काय आहे?

ताईला मात्र ते समजलं नाही. ती पुण्याला असते आणि दर नाताळात सहकुटुंब आमच्याकडे यायची. एका वर्षी नेहमीसारखा नोव्हेंबरात फोन आला, "तिकिटं काढतोय गं." आणि मी म्हणाले, "ताई, यंदा नको." तिने आधी काळजीने विचारलं, "सासूबाई बऱ्या आहेत ना?" बऱ्या होत्या. "मग तुम्ही कुठे जाताय का?" नाही. "मुलांच्या परीक्षा?" नाही, घरीच आहोत. त्यावर ती म्हणाली, "मग?"

त्या 'मग'ला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. आजारपण सांगितलं असतं तर चाललं असतं. प्रवासाला जातोय म्हटलं असतं तर तिने कौतुक केलं असतं. मला काही दिवस कुणाचंही वेळापत्रक सांभाळायचं नाहीये, हे वाक्य सख्ख्या बहिणीला कसं सांगतात? मी "जरा विश्रांती" असं काहीतरी पुटपुटले. ती म्हणाली, "म्हणजे आम्ही नको," आणि फोन ठेवला.

ती आली. कळंगुटला हॉटेल घेऊन राहिली, आमच्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर. मला कळलं ते घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. चापोऱ्याच्या कठड्यावर भावजी, मुलं, ताई. खाली कोल्हापूरहून आईने हात जोडल्याचं चित्र टाकलं होतं. संध्याकाळी आईचा फोन आला, "बहीण गावात असताना तिला हॉटेलात राहावं लागलं. मला हे दिवस बघायचे होते?" मी आईशी भांडले. बारा महिने शाळा आणि घर करते, त्यात एवढं मागितलं तर काय बिघडलं, असं बरंच बोलले. माझा आवाज ऐकून सासूबाईंनी टीव्ही बंद केला. "बोलाव तिला जेवायला," म्हणाल्या. मी फोन लावला, ताईने उचलला नाही. तो सिनेमा आम्ही दुसऱ्या दिवशी पूर्ण केला. त्यातलं मला काही आठवत नाही.

पाहुण्यांना किल्ल्यावर नेणारी पूर्वीची मी अजूनही मला विचारते, चार दिवसांचा तर प्रश्न होता, काय झिजली असतीस? तिला मी सांगते की दमलेली तू होतीस, फक्त तेव्हा तुला ते कळत नव्हतं. ती म्हणते, दमत होते पण घर भरलेलं असायचं. हे मला खोडून काढता येत नाही. पण चादर लावलेल्या खोलीतली ती दुपार सोडून द्यावी, असंही मला वाटत नाही. आळस, माणूसघाणेपणा, अशी नावं तिला देऊ नका एवढंच माझं म्हणणं आहे.

ताई आता मे महिन्यात येते, आंबे आणते, नाताळाचा विषय दोघीही काढत नाही. यंदा मी काढला. म्हटलं, डिसेंबरात ये, घरीच उतर. पण चापोऱ्याला मी येणार नाही, दुपारी पेज असेल, आणि कोणता सिनेमा ते सासूबाई ठरवतील. ती म्हणाली, "यांना विचारून सांगते." अजून सांगितलेलं नाही.