पाच रेआल मिळालेच पाहिजेत

दुआर्नने या फ्रान्समधल्या गावाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी झेड आहे पण तो कुणी उच्चारत नाही, आणि नावाचा अर्थ फ्रेंचमध्ये शोधायला गेलं तर काही हाती लागत नाही, कारण ते मुळात ब्रेटन, म्हणजे इथल्या ब्रिटनी प्रांताच्या भाषेतलं नाव आहे. दुआर म्हणजे जमीन, एनेझ म्हणजे बेट, झाली बेटाची जमीन. गावासमोर त्रिस्तान नावाचं छोटंसं बेट आहे, इतकं जवळ की मोठ्या ओहोटीला चालत जाता येतं, त्याच्यावरून हे नाव. फ्रान्सच्या पार पश्चिमेला फिनिस्तेर जिल्हा आहे, तिथल्या कँपेरहून बस पकडली की तासाच्या आत इथे पोचतो आपण. मी सप्टेंबरमध्ये दोन दिवसांसाठी गेले होते, ते रोस्मर बंदरावरच्या रंगीत घरांचे फोटो बघून. घरं आहेतच सुंदर, गुलाबी, पिवळी, निळी, धक्क्याला लागून एका ओळीत उभी. पण आता या गावाचं नाव काढलं की मला आधी इथल्या सार्डिन माशांच्या कारखान्यातल्या बायका आठवतात.

पेन सार्दिन म्हणायचे त्यांना, म्हणजे ब्रेटनमध्ये सार्डिनचं डोकं. त्या डोक्याला घट्ट बसणारी छोटी पांढरी टोपी घालायच्या तिचंही नाव हेच. धक्क्यावरून वरच्या गल्ल्यांत एक पायवाट आखलेली आहे, जागोजागी जुन्या फोटोंचे फलक लावलेत, ते वाचत वाचत चढत गेलं की गावाची गोष्ट आपोआप उलगडत जाते. घाई करू नका तिथे, माझी अख्खी सकाळ गेली आणि ती जायलाच हवी होती.

ताजी सार्डिन टिकत नाही, काही तासांत खराब व्हायला लागते, सगळं गणित इथून सुरू होतं. एकोणिसाव्या शतकात डबाबंद करायची युक्ती आली आणि गावात एकामागून एक कारखाने उभे राहिले, 1853 साली सुरू झालेली शांसेरेल ही कंपनी तर आजही इथे डबे बनवते. पुरुष होड्या घेऊन जायचे, नॉर्वेहून आणलेली कॉडची खारवलेली अंडी पाण्यात फेकून सार्डिनचे थवे वर काढायचे (हे आमिष महाग असायचं, मासा मिळो न मिळो त्याचा खर्च होणारच). होड्या लागल्या की कारखान्याचा निरोप गल्ल्यांमधून फिरायचा, मग दुपार असो की रात्रीचे दोन, बायका लाकडी बूट खडखडवत उतारावरून पळत खाली यायच्या. मासा थांबत नाही ना, म्हणून त्यांनीही थांबायचं नाही. एका झटक्यात डोकं आणि आतडी काढायची, मिठाच्या पाण्यात ठेवायचे, धुवायचे, जाळीवर वाळवायचे, तेलात तळायचे, आणि मग एकेक मासा हाताने डब्यात लावायचा. दहा-बारा वर्षांच्या मुलीसुद्धा असायच्या. झोप येऊ नये म्हणून सगळ्याजणी मिळून गाणी म्हणायच्या.

1902 पासून काही वर्षं सार्डिन जवळजवळ आलीच नाही आणि गावावर उपासमारीची वेळ आली. त्यातच 1905 ला बायकांनी संप करून हजार माशांमागे पैसे मिळायचे ते बंद करून तासावर मजुरी मिळवली. पण मोठा संप झाला तो 1924 चा. तेव्हा ताशी 80 सांतीम (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) मिळायचे, आणि आठ तासांचा कायदा 1919 लाच झालेला असला तरी कारखान्यात त्याला कोण विचारतंय. 21 नोव्हेंबरला डबे बनवणाऱ्या एका कारखान्यात ठिणगी पडली आणि चार-पाच दिवसांत गावातले सगळे कारखाने बंद. जवळजवळ दोन हजार माणसं बाहेर पडली, त्यातल्या बहुतेक बायकाच. घोषणा होती "पेम्प रेआल अ वो", म्हणजे पाच रेआल मिळालेच पाहिजेत. ब्रेटन बोलण्यात एक रेआल म्हणजे 25 सांतीम, तेव्हा पाच रेआल म्हणजे ताशी सव्वा फ्रँक. ही घोषणा ब्रेटनमध्ये होती हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ज्या भाषेत घरी चूल पेटते त्याच भाषेत त्यांनी हिशोब मागितला.

गावाचा महापौर दानिएल ल फ्लांशेक कम्युनिस्ट होता आणि बायकांच्या बरोबर रस्त्यावर चालायचा. फ्रान्समधलं पहिलं कम्युनिस्ट महापौर निवडणारं गाव पण हेच, 1921 ला. मालकांनी संप मोडायला बाहेरून माणसं आणली, आणि 1 जानेवारी 1925 ला त्यातल्या एकाने कॅफेमध्ये ल फ्लांशेकवर गोळी झाडली. तो वाचला. पण ती बातमी देशभर गेली, गाव पेटून उठलं, मालकांची बाजू पार लंगडी पडली, आणि 6 जानेवारीला तडजोड झाली: ताशी एक फ्रँक, आणि जादा वेळेचे जादा पैसे. पाच नाही, चार रेआल मिळाले. तरीही तो विजयच होता, साडेसहा आठवडे पोटाला चिमटा घेऊन मिळवलेला. (ल फ्लांशेक पुढे नाझींच्या हाती लागला आणि 1944 ला बुखेनवाल्डच्या छळछावणीत मरण पावला.)

आणि मग जोसेफीन पेंकाले. कारखान्यात काम करणारी, नवरा गेलेला, संपातली. 1925 च्या मे महिन्यात ती नगरपालिकेवर निवडून आली, तेव्हा फ्रान्समध्ये बायकांना मतदानाचाच हक्क नव्हता! स्वतः मत देऊ शकत नाही अशा बाईला गावाच्या पुरुषांनी मतं देऊन निवडून आणलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये वरिष्ठ प्रशासकीय न्यायालयाने तिची निवड रद्द केली. फ्रेंच बायकांना मताचा हक्क मिळाला 1944 ला. मी हे वाचून तिथेच भिंतीला टेकून बराच वेळ उभी होते, खाली बंदरात भरती चढत होती.

दुसऱ्या दिवशी प्लोमार्खला गेले, रोस्मरपासून किनाऱ्याकिनाऱ्याने चालत, जुनी दगडी घरं आणि झाडी आणि खाली उपसागराचं पाणी. तिथे रोमन काळातली दगडी टाकी आहेत, त्यांत मासे मिठात मुरवून गारुम नावाचा मासळीचा रस्सा बनवायचे. म्हणजे मासळी टिकवून लांब पाठवायचा धंदा या गावात सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीसुद्धा होता. टाक्याच्या काठाशी उभं राहून आत बघितलं की फक्त शेवाळ आणि सावली दिसते, पण कालच्या त्या गल्ल्या आणि ही टाकी यांचं नातं लगेच जुळतं मनात.

त्रिस्तान बेटावर मला जाता आलं नाही, ओहोटीची वेळ जुळली नाही. 1595 मध्ये ला फोंतेनेल नावाच्या लुटारू सरदाराने ते बळकावलं आणि गावातली घरं पाडून त्यांचे दगड बेटाच्या तटबंदीला वापरले. 1602 ला पॅरिसमध्ये त्याला चाकावर हाडं मोडून मारलं. आणि याच उपसागराच्या तळाशी ईस नावाचं शहर बुडालंय अशी दंतकथा आहे, राजा ग्राडलॉनची मुलगी दाहुत हिच्यामुळे बांधाचा दरवाजा उघडला गेला आणि समुद्र आत शिरला. संध्याकाळी पाणी करडं पडलं की ती गोष्ट खोटी वाटत नाही.

पोर-र्‍यूच्या खाडीत नौकांचं म्युझियम आहे, काही जुन्या नौकांच्या आत उतरून बघता येतं, लहान मुलं बरोबर असतील तर नक्की जा. वर प्लोआरेच्या दफनभूमीत स्टेथोस्कोप शोधणारा लाएनेक पुरलेला आहे, 1826 मध्ये तो इथेच वारला. आणि क्विन-अमान खाल्ल्याशिवाय निघू नका, पीठ, खारं लोणी आणि साखर, बस इतकंच, पण लोणी इतकं की कागद पारदर्शक होतो. जन्म याच गावचा, 1860 च्या आसपासचा. गरमच खायचा, वरची साखर कडक झालेली असते आणि आतले पदर ओले.

निघताना एका दुकानातून सार्डिनचे दोन डबे घेतले, वर्ष छापलेले. इथे ते वाइनसारखे मुरवतात, काही वर्षं तसेच ठेवतात, आणि तेल सगळीकडे सारखं लागावं म्हणून अधूनमधून डबा उलटा करायचा असतो, असं दुकानातल्या बाईंनी हाताने उलटापालटा करून दाखवलं. एक डबा परवा उघडला. मासे एकाला एक लागून, सगळ्यांची पाठ एकाच बाजूला, कुठे फट नाही. खायच्या आधी मी ते नुसते बघत बसले. दुसरा कपाटात आहे, दर दोन-तीन महिन्यांनी उलटा करते.