इथे कुणी बसतं का?

रविवारी रात्री पुण्यातल्या खानावळी बंद असतात, हे मला पुण्यात उतरल्या दिवशीच कळलं. सांगणारे होते सदाशिव पेठेतल्या एका खानावळीच्या गल्ल्यावरचे काका. मी नगरहून नोकरीसाठी आलेली, खांद्याला बॅग, दारात घुटमळत उभी. काकांनी मान वर करून एकदा पाहिलं आणि एका दमात म्हणाले, "नवीन ना? चप्पल तिकडे. कूपन इथे. हात धुवायला मागं. पोळ्या पाहिजे तेवढ्या, भाजी दोनदा, गोड असलं तर एकदाच. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री बंद. पानात टाकायचं नाही."

यात 'या, बसा' कुठेच नव्हतं. हसू तर नव्हतंच नव्हतं. पण मिनिटभरात त्या घरचा सगळा कायदा मला कळला, आणि तोंड उघडून आपलं अडाणीपण दाखवायची वेळ एकदाही आली नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चर्चला गेले.

नगरला चर्च म्हणजे आमच्या घराची ओसरी. तिथे अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं. नगरमध्ये ख्रिस्ती असणं म्हणजे दर दोन गल्ल्यांमागे एक आत्या असणं. त्यामुळे 'नवीन माणूस' म्हणून मी आयुष्यात कुठल्या चर्चची पायरी चढलेच नव्हते. पुण्यातल्या या चर्चचं नाव सांगत नाही. मराठी उपासना होणारी चर्च इथे मोजकी, आणि मी अजून तिथेच जाते.

दाराशी संगमरवरी फरशी होती. पायाभरणी कोणत्या साहेबाच्या हस्ते झाली ते तिच्यावर सुरेख इंग्रजीत कोरलेलं. उपासनेची वेळ मात्र कुठेच लिहिलेली नव्हती. मी पोचले तेव्हा आत इंग्रजी उपासना चाललेली. मराठी त्यानंतर असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं, मग लिहायचं कशाला? तासभर मी चिंचेखाली उभी राहिले. नंतर आत जाऊन एका रिकाम्या बाकावर बसले. जरा वेळाने एक मावशी आल्या, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि म्हणाल्या, "इथे आम्ही बसतो."

रागावल्या नाहीत हो. नुसती माहिती दिली. मी उठले आणि मागच्या बाकावर गेले. त्या बाकापुढे एक खांब आहे. नवीन माणूस आमच्याकडे हटकून त्या खांबामागेच जाऊन पोचतो. पाण्याला उताराची वाट सांगावी लागत नाही, तसं.

पुढचा तास मी कवायतीत काढला. आमचं नगरचं वळण काँग्रिगेशनल, म्हणजे साध्यासुध्या उपासनेचं, इथलं अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या रीतीचं. १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि कागदावर आम्ही सगळे एक झालो, पण गुडघ्यांना ते अजून कुणी कळवलेलं नाही. कधी उठायचं, कधी टेकायचं, उत्तर कुठे द्यायचं, काही उमगेना. मी अर्धी उठले की बाकीचे बसलेले असत. गीतांची पुस्तकं दाराशी टेबलावर ठेवलेली असतात, हे कळलं उपासना संपल्यावर.

आणि मग सूचना झाल्या. "आज कुणी नवीन आले असतील तर त्यांनी कृपया उभे राहावे." राहिले. नाव सांगितलं, गाव सांगितलं, टाळ्या झाल्या. मान खाली घालून बसले. बाहेर पडल्यावर अंगणात सगळे गोल करून बोलत उभे होते. गोल आतून फार प्रेमळ असतो, बाहेरून त्याच्या नुसत्या पाठी दिसतात. चहाची किटली अशाच एका गोलाच्या मधोमध होती.

त्या रात्री खानावळ बंद होती. पण ते मला माहीत होतं, म्हणून ब्रेड आणि केळी आधीच आणून ठेवली होती.

याला आता बावीस वर्षं होतील. मी त्याच चर्चच्या कमिटीवर आहे आणि दर पावसाळ्यात एकदा तरी बैठकीत तोच प्रश्न निघतो: नवीन माणसं एकदा येतात, परत का येत नाहीत? मग तरुणांवर बोललं जातं, मोबाइलवर बोललं जातं, हल्लीच्या दिवसांवर तर बोललं जातंच. मागच्या बैठकीत मी म्हटलं, आपण सगळे एक दिवस हॉटेलात जाऊन बसू या आणि नुसतं बघू या. एक ज्येष्ठ सभासद कडाडले, "चर्च म्हणजे हॉटेल नव्हे!"

नव्हेच. पण उडप्याच्या हॉटेलात काय होतं ते आठवून पाहा. तुम्ही बसता न बसता तोच पाण्याचा पेला समोर येतो. (त्यात पोऱ्याची दोन बोटं बुडालेली असत, तो काळ मी पाहिलाय, तरी पाणी यायचं.) त्या पाण्याचे पैसे नसतात आणि त्यावर काही ठरतही नाही. 'तुम्ही आलात ते आम्ही पाहिलं', एवढाच त्याचा अर्थ. मग मेनूकार्ड येतं आणि वेटर निघून जातो. हे निघून जाणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. तुम्ही कार्डातून डोकं वर काढलंत की तो हजर. तोवर मानेवर श्वास सोडत उभा राहत नाही. शेजारच्या टेबलाकडे बोट दाखवून "ते काय आहे? तेच द्या" म्हणायची तिथे कुणाला लाज वाटत नाही. तेच चर्चमध्ये शेजारच्याकडे बघून उठताना मात्र चोरी केल्यासारखं होतं. शिवाय आजवर कुठल्या हॉटेलात वेटरने पेल्यावर चमचा वाजवून "आज पहिल्यांदा आलेल्यांनी उभे राहावे" असं पुकारलेलं मी ऐकलं नाही. पुकारलं, तर इडली तिथेच टाकून पळेन.

पुणं तसं अगत्यासाठी प्रसिद्ध नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद, आणि वर पाट्या! पण पुणेरी पाटीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. 'मिसळ संपल्यावर दुकान बंद होईल. चौकशी करू नये.' पुणेकराला यात खवचटपणा दिसतो आणि तो खूश होतो. मला मात्र ही पाटी बाहेरगावच्या माणसावर केलेला उपकार वाटते. इथे काय चालतं, काय चालत नाही, ते आत शिरण्याआधी कळतं, अपमान व्हायचा तो भिंतीकडून होतो, माणसाकडून नाही. आमच्या चर्चच्या भिंतीवर पायाभरणीच्या साहेबाऐवजी एखाद्या पेठेतल्या पाटीवाल्याने चार ओळी लिहिल्या असत्या, 'मराठी उपासना इंग्रजीनंतर. पुस्तके दाराशी. कुठेही बसावे. चहा सर्वांना,' तर माझा तो रविवार वेगळा गेला असता.

चहावरून आठवलं. गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनच्या बाजूने जाताना मला हटकून १८९० सालचा तो चहा आठवतो. एका कार्यक्रमाला पुण्यातली मोठी मंडळी तिथे गेली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी पेल्याला नुसता हात लावला. पुढे गोपाळराव जोशींनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या यजमानांनी, हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि पेठांतून गहजब झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. ग्रामण्य, म्हणजे जातीपुढचा खटला, मग बहिष्कार, प्रायश्चित्तं. पंगतीला कोण कोणाच्या शेजारी बसणार यावर घरं दुभंगली. शाळेत हे आम्हाला सुधारक आणि सनातनी यांच्या धड्यात शिकवलं. मला मात्र राहून राहून त्या दिवशी ट्रे घेऊन आलेला माणूस दिसतो. त्याच्या लेखी तो साधा चहा. समोरच्याच्या लेखी जात, पंगत, मुलीचं लग्न, सगळं त्या एका पेल्यात. आपण पुढे केलेली वस्तू पाहुण्याच्या हातात किती जड होते, हे यजमानाला कळतच नाही.

अगदी तसंच दोन वर्षांपूर्वी नाताळात झालं. ऑफिसातली एक मैत्रीण हौसेने माझ्याबरोबर आली. घरी सासूबाईंचं सोवळं अजून कडक. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याची वेळ झाली, माणसं रांगेने पुढे निघाली, तशी ती माझ्या कानाशी लागली, "प्रसाद आहे का गं? मीही जाऊ?" मी कमिटीवरची, वीस वर्षं इथे मुरलेली, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. नाही म्हणावं तर पाहुणीला पंगतीतून उठवल्यासारखं. हो म्हणावं, तर ज्याचा अर्थ तिला ठाऊक नाही ते तिच्या हातावर ठेवायचं.

चर्चची देखभाल बघणारे काका मागे उभे होते. ते वाकून हळूच म्हणाले, "ताई, हे बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतं. तुम्ही बसून राहिलात तरी चालतं. पुढे येऊन हात जोडून उभ्या राहिलात तर पाळकसाहेब आशीर्वाद देतात. चहा मात्र बाहेर सगळ्यांना आहे." आणि सरळ झाले. तिने काय ठरवलं ते बघायलासुद्धा थांबले नाहीत. ती बसून राहिली, आणि बाहेर दोन कप चहा प्यायली. हे काका पूर्वी कॅम्पातल्या एखाद्या इराण्याकडे वेटर होते असं सांगता आलं असतं तर या लेखाला फार बरं पडलं असतं. ते टपाल खात्यात होते.

हॉटेलांचं सगळंच उचलावं असं मात्र मी म्हणणार नाही. कमिटीतल्या एका उत्साही मुलाने दाराशी अभिप्रायाचा क्यूआर कोड लावायची सूचना केली, प्रवचनाला पाचपैकी किती तारे वगैरे. ती मी हाणून पाडली. आणि हॉटेलात शेवटी खिसा बोलतो. एसी विभागाचे दर वेगळे, हे तिथे कुणाला खटकत नाही. आमच्या बायबलातल्या याकोबाच्या पत्रात तर नेमकं तेच लिहून ठेवलंय: सोन्याची अंगठी घातलेला आला की त्याला चांगली जागा, आणि मळक्या कपड्यांतला गरीब आला की त्याला 'तू तिथे उभा राहा', असं करू नका. ही ताकीद जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी द्यावी लागली, म्हणजे बाकांवरच्या मालकीची ही दुखणी काही पुण्यात सुरू झालेली नाहीत.

पुण्याने आम्हाला जागा दिली तीही आठवण्यासारखी. क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च रोमन कॅथलिकांचं, आमच्या पंथाचं नव्हे. पण त्याची जमीन सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये दिली, आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना उपासना करता यावी म्हणून. पेशव्याने परक्यांसाठी जमीन काढून दिली, आणि आम्हाला आपल्यातल्यासाठी दीड फूट बाक काढताना जड जातं.

'आम्हाला' हे मी मुद्दाम म्हणते. त्या मावशी आता नाहीत. शेवटची काही वर्षं मी त्यांच्या शेजारी बसायचे, आणि त्या गेल्यावर तो बाक आपोआप माझा झाला. गेल्या रविवारी मी पोचले तर माझ्या जागी एक मुलगा बसलेला. विशी-बाविशीचा, पायाशी बॅग, परगावच्या बसमधून उतरून थेट आल्यासारखा. मी बाकापाशी थबकले. ते वाक्य माझ्या जिभेवर पूर्ण तयार होतं, मावशींच्या गोड हसण्यासकट. त्याला काहीतरी जाणवलं असावं. तो अर्धवट उठला.

"इथे कुणी बसतं का?"

"नाही नाही. बसा तुम्ही," मी म्हणाले. चर्चमध्ये, उपासनेच्या तोंडावर, धडधडीत खोटं. दाराशी जाऊन पुस्तक आणलं, पहिलं गीत काढून त्याच्या हातात दिलं आणि मागे जाऊन बसले.

खांबामागून पाळकसाहेब दिसत नाहीत. त्यांचा उजवा हात तेवढा कधी कधी बाहेर येतो. तो वर गेला की उठायचं.