प्लग काढल्यावरचा एक फ्लॅश

चवथीच्या दुसऱ्या रात्रीपासून एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. प्लग आईच्या हातात होता, आणि दिवा तरीही एकदा लागला.

तो लागला नसता तर मला कळलंही नसतं. वीज गेली असं समजले असते, पावसात जातेच. पण माटोळीवरची, गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छतावरची, माळ चालू होती, आरती चालू होती, आणि माझा दिवा तेवढा गप्प. मग घुमटाची, आरतीत वाजवतात त्या कातड्याच्या मडक्याची, एक थाप पडली आणि त्या एका उजेडात स्विचबोर्डापाशी आई दिसली. डाव्या हातात पदर, उजव्या हातात प्लग, वायर लोंबतेय. ती माझ्याकडे बघत नव्हती, सानूकडे, दादाच्या मुलीकडे, बघत होती. दिव्यातल्या झेनॉन वायूचा फ्लॅश सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही, म्हणून त्यात माणूस थिजून जातो. आई तशीच थिजून माझ्या डोळ्यांत राहिली आहे.

मला एवढंच म्हणायचं होतं, सांगायचंस ना. हाक मारायचीस.

तीन आठवडे मी त्या दिव्यावर घातले होते. म्हापशाहून आणलेला साडेचारशे रुपयांचा स्ट्रोब, म्हणजे लखलखणारा दिवा, मागे वेगाचं एक बटण, बाकी काही नाही. तो आपल्याच नादात लुकलुकतो, खोलीत काय वाजतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मला तो घुमट ऐकणारा हवा होता. अमेरिकेतल्या एमआयटीतल्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी 1964 मध्ये सफरचंदातून आरपार जाणारी गोळी छायाचित्रात पकडली, तेव्हा गोळीचा आवाज मायक्रोफोनने ऐकला आणि त्या आवाजानेच फ्लॅश पेटवला. ते छायाचित्र पाहिल्यापासून हे डोक्यात होतं. घुमट वाजवणाऱ्याचा तळवा कातड्यावर पडतो तो क्षण भिंतीवर उमटावा. बाबा असते तर. 2019 मध्ये गोव्यात घुमटाला वारसा वाद्याचा मान मिळाला तेव्हा ते दिवसभर... असो.

उघडल्यावर आधी भीतीच वाटली. आत ट्रान्सफॉर्मर नाही, घरातली 230 व्होल्टची लाइन थेट बोर्डावर. तिचं शिखर सव्वातीनशेचं, आणि डायोड आणि वीज साठवणारे कॅपॅसिटर मिळून ते दुप्पट करतात, म्हणजे सहाशेच्या वर. तिथे मायक्रोफोन सरळ जोडणं म्हणजे जिवाशी खेळ. म्हणून ऐकणारा भाग वेगळा केला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर. छोटा माइक, त्याच्या पुढे अँप्लिफायर, मग 10 किलोओहम आणि 0.1 मायक्रोफॅरडची गाळणी, जी साधारण 160 हर्ट्झच्या वरचं सगळं दाबते. कांसाळ्यांची, म्हणजे झांजांची, किणकिण तिथेच अडते. घुमटाचं मागचं लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत जो खोल घुमारा काढतात, तो पुढे जातो. स्ट्रोबच्या बाजूला 32 व्होल्टला फुटून फ्लॅश पेटवणारा डायॅक नावाचा भाग काढून तिथे उजेडाने निरोप पोहोचवणारा ऑप्टोकपलर बसवला. दोन्ही बाजूंमध्ये तार नाही, फक्त उजेड. डायॅक गेल्यावर त्याच्या मागचा कॅपॅसिटर वाटेल तितका चढला असता, म्हणून त्याच्यावर व्होल्टेज अडवणारा झेनर टाकला. पहिल्यांदा टेबलावर मूठ आपटली आणि दिवा लागला, तेव्हा मी एकटीच खोलीत होते आणि मोठ्याने हसले होते.

आणि एवढं करून कोणी एक शब्द न बोलता प्लग काढायचा? आरतीची मुलं पुढच्या घरी गेली तेव्हा मी ताट घेऊन उभी होते, हात थरथरत होते. वहिनी सानूला घेऊन स्वयंपाकघरात गेली ती आलीच नाही. सगळ्यांनी नेवऱ्या खाल्ल्या. दिव्याचं नाव कोणी काढलं नाही. मला वाटलं, या घरात मी काहीही करून दाखवलं तरी. दादाचा बोटीवरून फोन आला तेव्हा त्यालाही सांगितलं नाही.

आता इथे मला खरं लिहायला हवं.

त्या बोर्डावर 555 नावाची वेळ मोजणारी एक चिप आहे. एक फ्लॅश झाला की पुढचा काही वेळ ती दार लावून घेते. तिथे मी 390 किलोओहमचा रेझिस्टर घातला होता, सोबत एक मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर, म्हणजे 0.43 सेकंद. सेकंदाला दोन-सव्वादोन फ्लॅश, त्याहून जास्त नाही. हा आकडा मी शोधून काढला होता. सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट नको, असं सगळीकडे सांगतात. 1997 च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये टीव्हीवरच्या एका कार्टूनमध्ये लाल-निळा उजेड सेकंदाला बारा वेळा लखलखला आणि झटके, चक्कर येऊन शेकडो मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं. हे मी वाचलं होतं. कोणासाठी वाचलं होतं हेही मला माहीत होतं. मार्चमध्ये सानूला झटका आला, त्यानंतर या घरात ते कोणाला माहीत नाही?

पण पहिल्या रात्री लय चढली तसा दिवा मागे पडायला लागला. चार थापांत एकदा लागायचा. शामेळ हे ढोलकं वाजवणारा मुलगा म्हणाला, तुमचा दिवा थकला वाटतं. मला ते लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे झोपलेले असताना मी 390 काढून 100 घातला. 0.11 सेकंद. सेकंदाला नऊ.

सानूला काही झालं नाही. हे मी पुन्हा लिहिते, काही झालं नाही. आईने त्याआधीच प्लग काढला. तिला रेझिस्टर माहीत नाही, हर्ट्झ माहीत नाही. तिने फक्त पोरीच्या डोळ्यांकडे पाहिलं.

आज विसर्जन झालं. संध्याकाळी आई आणि मी माटोळी उतरवत होतो. तिने कवंडाळं एका सुपात काढली, सुपारीचे घड वेगळे केले. मी स्टुलावर उभी होते, तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून विचारता आलं. म्हटलं, "तू प्लग काढलास ना परवा?"

"हो."

"मला सांगायचंस."

ती काही बोलली नाही. दोरीची गाठ सोडवत राहिली. मग म्हणाली, "प्लग हातात होता गो माझ्या, आणि तो मेला परत लागला. मला वाटलं करंट अंगातून गेला. रात्रभर हात चोळत होते."

इतक्या दिवसांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी तो फ्लॅश माझ्या बाजूने पाहत होते. तिच्या बाजूने तो काय होता, ते नाही.

खाली उतरून तिला सांगितलं, वायर काढली तरी आतला कॅपॅसिटर भरलेला असतो, तांब्यात पाणी उरतं तसा. माइक बॅटरीवर असतो, तो ऐकतच राहतो. एका थापेपुरतं आत शिल्लक होतं, तेवढं सांडलं. तुला काही झालं नाही, होणारही नव्हतं. तिने सगळं ऐकून घेतलं, हात बघितला, आणि म्हणाली, "मग सांगायचंस."

आता साडेअकरा वाजलेत. 100 काढला, 390 परत बसवला. कॅपॅसिटरवर 470 किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले, म्हणजे प्लग काढल्यावर अर्ध्या मिनिटात तो बराचसा रिकामा होईल. सोल्डरच्या वासाने आई उठून आली, काही न विचारता बाजूला बसली आणि टॉर्च धरून राहिली. दिवा लावून बघितला नाही. सानू आत झोपली आहे.